नाव दाभोळचं, जमीन अंजनवेलची

दाभोळच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली की मी गाडीत बसून राहत नाही. उतरून कठड्याशी जाऊन उभी राहते. मागे पाण्याच्या अगदी काठावरची जुनी मशीद लहान होत जाते, समोर धोपाव्याचा किनारा जवळ येतो आणि उजव्या हाताला, वेलदूर-अंजनवेलच्या बाजूला, धुराडी दिसायला लागतात. लहानपणी आम्ही ही खाडी लाँचने ओलांडायचो, तेव्हा तिकडे नुसता सडा होता. करवंदीच्या जाळ्या, कातळ, मधेच कलमांची एखादी बाग, आणि टोकाला खाडीच्या मुखावर गोपाळगड.

सारं जग ज्याला एन्रॉनचा 'दाभोळ वीजप्रकल्प' म्हणतं, तो दाभोळात नाहीच. दाभोळ उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात. प्रकल्प दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यात. जमीन गेली ती अंजनवेल, वेलदूर आणि रानवीची. बहामनी आणि आदिलशाहीच्या काळात दाभोळ हे मोठं बंदर होतं. एडनला, होर्मुझला इथून जहाजं जायची. म्हणून असेल, कागदावर नाव आलं ते जुन्या बंदराचं. माझा मामा म्हणतो, "नाव दाभोळचं, जमीन अंजनवेलची, नि करार कुठला तो देवाला म्हाईत."

गेल्या दिवाळीत तो मला म्हणाला, "तू कंपनीत करार वाचतेस ना? मग आमचा तो करार काय होता, ते एकदा सांग मला मराठीत. सगळ्यांनी भांडून झालं, पण वाचून कोणी दाखवला नाही."

मी चाकणला एका युरोपीय कंपनीच्या खरेदी विभागात आहे. पुरवठादारांशी होणारे करार वाचणं हे माझं रोजचं काम. माल वेळेवर आला नाही तर दंड कोणाला, डॉलर वर गेला तर फरक कोणी सोसायचा, भांडण झालं तर न्याय पुण्यात मागायचा की सिंगापुरात. सोळा वर्षं हेच करते आहे, घराचे हप्ते त्यातूनच फिटले. त्यामुळे परदेशी कंपनी म्हटलं की हाकलून द्या, असं मी म्हणू शकत नाही, आणि मला तसं वाटतही नाही. पण मामाने विचारलं तेव्हा लक्षात आलं, की अनोळखी लोकांचे करार आपण रोज वाचतो आणि आपल्या आजोळच्या उंबऱ्याशी येऊन बसलेला करार मात्र कधी उघडून पाहिला नाही.

१९९१ साली देशाकडे परकीय चलन जवळजवळ उरलं नव्हतं. वीजक्षेत्र परदेशी गुंतवणुकीला खुलं केलं गेलं, आणि ह्यूस्टनची एन्रॉन ही कंपनी महाराष्ट्रात आली. जून १९९२ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार झाला. स्पर्धात्मक निविदा निघाल्या नाहीत. एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला. एवढी महाग वीज, तीही चोवीस तास घ्यायची, राज्याला परवडणार नाही असं त्यांचं म्हणणं होतं. तरी ८ डिसेंबर १९९३ ला वीजखरेदी करारावर सह्या झाल्या. प्रकल्पासाठी काढलेल्या दाभोळ पॉवर कंपनीत एन्रॉनचे ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेलचे १०-१० टक्के. दोन्ही टप्पे मिळून दोन हजार मेगावॅटच्या वर वीज, खर्च जवळपास ३ अब्ज डॉलर. त्या काळी देशातली ती सगळ्यात मोठी परकीय गुंतवणूक होती.

मामाला मी पहिली गोष्ट समजावली ती स्थिर आकाराची. म्हटलं, मामा, समज तू खानावळीत महिना लावलास. जेवलास तरी पैसे, गावाला गेलास तरी पैसे. फक्त ही खानावळ वीस वर्षांची, आणि मालकाने ताटं किती मांडायची ते तुझ्या घरची माणसं मोजून ठरवलेलं नाही. मंडळाने वीज घेतली नाही तरी प्रकल्प तयार उभा आहे म्हणून पैसे द्यायचेच. त्यातला मोठा वाटा डॉलरशी बांधलेला. करार झाला तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २००१ मध्ये तो ४७ ला पोचला. इंधनाचा दर वाढला तर तोही आपल्याच माथी. कंपनीला भांडवलावर परतावा मिळायचा, तोही डॉलरमध्येच. मंडळाने पैसे थकवले तर राज्य सरकारची हमी, आणि राज्याने थकवले तर त्यावर केंद्र सरकारची प्रतिहमी.

मामा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आमच्या मागे दिल्ली जामीन?"

हो. जामीन दिल्ली. आणि करार गोपनीय. ज्यांच्या बिलातून पैसे जायचे त्यांना तो वाचायची सोय नव्हती. पुण्यात वीजक्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या 'प्रयास' या संस्थेच्या गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळेल त्या आकड्यांवरून १९९५ मध्ये त्याचा हिशेब मांडला आणि वीज मंडळाचं कंबरडं मोडेल असं तेव्हाच सांगितलं. आज तो हिशेब वाचताना अंगावर काटा येतो, कारण पुढे बरंचसं तसंच घडलं. ही माणसं काही कुठल्या राजवाड्यात शिरून कागद बघून आली नव्हती. वीज कुठल्या वेळी किती लागते, स्वस्त कुठली, महाग कुठली, एवढं शांतपणे मोजलं की कळण्यासारखं होतं ते.

१९९५ च्या निवडणुकीत 'एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू' ही घोषणा गाजली. युतीचं सरकार आलं, गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि ऑगस्टमध्ये करार रद्द झाला. आजीच्या पडवीत त्या दिवशी पेढे वाटलेले मला आठवतात. मी दहा वर्षांची होते, शेजारच्या काकांनी पोस्टातून वर्तमानपत्र आणून मोठ्याने वाचलं होतं.

तो पेढा पुढे कसा कडू झाला ते मला मोठेपणी वाचून कळलं. करार रद्द व्हायच्या आधीच, जून १९९५ मध्ये, अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने निवेदन काढून बजावलं होतं की असं काही केलं तर भारतातल्या इतर वीजप्रकल्पांची खासगी गुंतवणूक धोक्यात येईल. एका कंपनीच्या करारासाठी एका देशाचं मंत्रालय दुसऱ्या देशाला इशारा देत होतं. त्याच वर्षी एन्रॉनच्या एका उपाध्यक्ष बाईंनी अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे सांगितलं, की भारतात या प्रकल्पासाठी लोकांच्या 'शिक्षणावर' आणि पूर्वतयारीवर कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. यावर इथे मोठं वादळ उठलं. लाच दिली असा आरोप झाला, कंपनीने तो नाकारला. मला मात्र त्यातला 'शिक्षण' हा शब्द बोचत राहतो. माझ्या आजोळच्या शाळेत तेव्हा चार वर्गांना दोन मास्तर होते. शिक्षण नेमकं कोणाचं केलं गेलं?

कंपनीने लंडनमध्ये लवादाची कारवाई सुरू केली, पाठोपाठ फेरवाटाघाटी झाल्या आणि १९९६ च्या सुरुवातीला करार पुन्हा जिवंत झाला, आधीपेक्षा मोठा होऊन. मे १९९६ मध्ये तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने जाता जाता प्रतिहमीला मंजुरी दिली. तेव्हा अमेरिकेचे भारतातले राजदूत होते फ्रँक विस्नर. १९९७ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी एन्रॉनच्या एका उपकंपनीच्या संचालक मंडळावर गेले. यात बेकायदा काही नव्हतं. पण माझ्या ऑफिसात एखादा खरेदी अधिकारी नोकरी सोडून थेट पुरवठादाराकडे गेला, तर त्याने केलेले सगळे करार आम्ही परत काढून बघतो. राजदूताच्या बाबतीत ते कोण बघणार?

१९९७ चा उन्हाळा मी आजीकडे होते.

आमचं घर वेलदूरच्या वरच्या अंगाला, दोन डोंगर सोडून. आमची जमीन गेली नाही. पण घरात भांडण होतं. मामा चिपळूणच्या आयटीआयमधून वेल्डर होऊन आला होता आणि प्रकल्पावरच्या एका ठेकेदाराकडे त्याला काम मिळत होतं. आजोबा म्हणायचे, जाऊ नको. आजी म्हणायची, "मग काय मुंबैला पाठवू त्याला? गिरण्या हायत कुठं आता?" कोकणातल्या घरांनी दोन पिढ्या गिरण्यांवर काढल्या, त्या बंद पडून तेव्हा पंधरा वर्षं होत आली होती. घरात तरुण मुलगा, हातात सर्टिफिकेट, आणि डोंगरापलीकडे काम. त्याला मी तरी दोष देऊ शकत नाही.

मामा गेला. त्याच आठवड्यात आमच्याकडे येणारी मासेवाली यायची थांबली. ती वेलदूरची खारवीण, आजीची मैत्रीण म्हणावी अशी. पडवीत टोपली उतरवून आधी चहा, मग मासळी. तिच्या गावात भीती होती की गरम पाणी खाडीत सुटलं की मासळी जाईल, आणि मासळी गेली तर गाव कशावर जगायचं. जानेवारीपासून मोर्चे चालले होते, शेकडो लोकांना अटक झाली होती. रस्त्यावर राज्य राखीव पोलिसांच्या निळ्या गाड्या उभ्या असायच्या. आजी आम्हा मुलांना आंबे आणायलाही सड्यावर जाऊ द्यायची नाही.

३ जूनच्या पहाटे वेलदूरमध्ये पोलिस शिरले. पुरुषमाणसं बहुतेक समुद्रावर गेलेली होती. बायकांना घरातून ओढून काढून मारलं, त्यात गरोदर बाईही होती. हे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी लिहून ठेवलं आणि जानेवारी १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने पूर्ण अहवाल काढला. प्रकल्पाच्या रखवालीसाठी तैनात असलेल्या पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हेही त्यात आहे. मी त्यातलं काही डोळ्यांनी पाहिलं नाही. मला आठवतो तो त्या दिवशीचा आमच्या घरचा दुपारचा स्वयंपाक. आजीने भाताला आधण ठेवलं आणि तांदूळ घालायलाच विसरली. पाणी आटून टोप करपल्याचा वास आला तेव्हा सगळे उठलो.

मामा त्या दिवशी कामावर गेला नाही. दुसऱ्या दिवशी गेला.

जुलैत एका पावसाळी सकाळी मासेवाली परत आली. ओली मासळी बंद होती, टोपलीत सोडे आणि सुके बोंबील. पडवीत बसली. आजीने चहा दिला. मामाबद्दल कोणीच काही बोललं नाही. जाताना तिने एक ओंजळ सोडे जास्त घातले आणि आजीने पदराने डोळे पुसले. हे मला आईने सांगितलं, मी तेव्हा पुण्याला परत आले होते. परदेशी गुंतवणुकीवर मी ऑफिसात पुष्कळ सादरीकरणं पाहिली आहेत, त्यात रोजगाराचे आकडे असतात. त्या ओंजळभर सोड्यांची नोंद कुठल्या रकान्यात करायची ते मला अजून सुचलेलं नाही.

आणि तरीही मामाचं काम हे खरं काम होतं. हे मला ठासून लिहायचं आहे. त्याने तिथे मोठ्या दाबाच्या नळ्यांचं वेल्डिंग शिकलं. सांध्यात एकावर एक थर भरायचे, आधी रूट, मग हॉट पास, मग फिलिंग, शेवटी कॅपिंग. प्रत्येक वेल्डरला नंबर असतो आणि सांध्याशेजारी तो नंबर टाकावा लागतो. रात्री साइट रिकामी झाली की दोऱ्या बांधून जागा बंद करतात आणि सांध्यांचा एक्स-रे काढतात. आत केसाएवढी फट असली तरी फिल्मवर दिसते. मामाचे सांधे पास व्हायचे. तो घरी येऊन म्हणायचा, "आज अकरापैकी अकरा." आमच्या घराण्यात कोणी इतकं बारीक, इतकं मोजून तपासलेलं काम त्याआधी केलं नव्हतं. हे त्याला त्या प्रकल्पाने दिलं, आणि ते त्याच्याकडून कोणी काढून घेऊ शकलं नाही.

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, ७४० मेगावॅटचा, नाफ्था या खनिज तेलापासूनच्या इंधनावर. करार करताना युनिटमागे २ रुपये ४० पैशांची भाषा होती. तेल महागलं, रुपया घसरला, आणि मंडळ जितकी कमी वीज उचलेल तितका स्थिर आकाराचा बोजा प्रत्येक युनिटवर वाढत गेला. २००० साली काही महिन्यांत दर सात रुपयांच्या वर गेला. ही महाग वीज घ्यायची म्हणून आपल्या स्वस्त कोळशाच्या केंद्रांचं उत्पादन कमी करायची वेळ मंडळावर आली. २००१ च्या सुरुवातीला पैसे थकले, कंपनीने प्रतिहमी वापरायला काढली, आणि मे २००१ अखेर मंडळाने वीज घेणं बंद केलं. दुसरा टप्पा जवळजवळ बांधून झाला होता, तो तिथेच थांबला.

मामाच्या ठेकेदाराने एका शनिवारी सगळ्यांना सांगितलं की सोमवारपासून येऊ नका. दोन महिन्यांचा पगार राहिला तो राहिलाच. मामाने गेटपास परत केला नाही. तो अजून त्याच्या पत्र्याच्या पेटीत आहे, फोटोत ओठावर नुकती मिशी.

मामा पडवीत रिकामा बसला होता त्याच महिन्यात दूर काय चाललं होतं, ते नंतर अमेरिकेतच उघड झालेल्या कागदांवरून कळतं. जून २००१ मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी वॉशिंग्टनमध्ये सोनिया गांधींच्या भेटीत दाभोळचा विषय काढला. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने त्यासाठी एक कार्यगट बसवला होता. राष्ट्रीय सुरक्षा परिषद म्हणजे युद्ध, अण्वस्त्रं, दहशतवाद बघणारी जागा, आणि तिच्या टेबलावर अंजनवेलच्या वीजबिलाची फाइल. नोव्हेंबरात वाजपेयी वॉशिंग्टनला गेले, तेव्हा बुश यांनी बोलायच्या मुद्द्यांत दाभोळ होतं. ते आदल्या दिवशी काढून टाकण्यात आलं, कारण तोवर एन्रॉनचे हिशेबच खोटे असल्याचं बाहेर येत होतं. २ डिसेंबर २००१ ला एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली.

एवढा जोर का लागला होता? करार वाचणारी म्हणून मला जे दिसतं ते असं. अमेरिकी सरकारच्याच वित्तसंस्थांनी, म्हणजे ओपिक आणि एक्झिम बँकेने, या प्रकल्पाला कर्ज आणि विमा दिला होता. कंपनी बुडाली तर त्यांचा पैसा अडकत होता. कंपनीचं हित आणि राष्ट्राचं हित एकाच कागदावर शिवून टाकलं की नंतर ते उसवता येत नाही. आपण आपल्या बाजूने काय शिवलं होतं? हमी. भांडण झालं तर लंडन. आणि मॉरिशस. कारण जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांची इथली गुंतवणूक मॉरिशसमार्गे आली होती, म्हणून भारत आणि मॉरिशस यांच्यातल्या गुंतवणूक संरक्षण कराराचा आधार घेऊन त्या भारत सरकारविरुद्ध लवादात उभ्या राहिल्या. वेलदूरच्या खाडीवरून भांडण, दोन अमेरिकी कंपन्यांशी, मॉरिशसशी केलेल्या कराराखाली. २००५ मध्ये पैसे देऊन ते मिटवलं गेलं. २०१६-१७ मध्ये भारताने असे बहुतेक जुने करार संपवण्याच्या नोटिसा दिल्या. दाभोळ हे त्याचं एकमेव कारण नाही, पण असे करार किती महागात पडतात याचा पहिला मोठा धडा आपल्याला इथेच मिळाला.

दुसऱ्या टप्प्यासाठी द्रवरूप नैसर्गिक वायू यायचा होता तो मुख्यतः ओमानहून. तसा करार झालेला होता. तो वायू आला नाही. मामा गेला. २००३ मध्ये एका एजंटाने चिपळुणात चाचणी घेतली, मामाने एक सांधा करून दाखवला आणि तीन आठवड्यांत तो ओमानला पोचला. सूर गावाजवळ कलहातला, जिथे वायू थंड करून द्रव करतात आणि जहाजात भरतात, तिथे नवीन युनिट उभं राहत होतं. ज्या नळ्यांमधून वायू अंजनवेलला यायचा होता, त्याच प्रकारच्या नळ्या माझा मामा पलीकडच्या टोकाला जोडत होता. पंधरा वर्षं राहिला. वर्षाआड महिनाभर यायचा. त्याच्या मुलीने त्याला पहिल्यांदा 'बाबा' म्हटलं ते फोनवर.

इकडे २००५ नंतर महाराष्ट्रात भारनियमनाचा कहर झाला. खेड्यांत बारा-बारा तास वीज नसायची. आजी कंदिलाची काच पुसत बसलेली असायची, आणि पडवीतून डोंगराच्या वर त्या धुराड्यांची टोकं दिसायची. विजेची गरज खोटी नव्हती. विरोध करणाऱ्यांतल्याही कोणी असं म्हटलं नव्हतं की वीज नको. किती, कितीला आणि कोणाच्या जोखमीवर, एवढंच विचारत होते ते.

जुलै २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या केंद्राच्या वीज आणि वायू कंपन्यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि तिने प्रकल्प घेतला. पैसा अडकला होता तो पुष्कळसा आपल्याच बँकांचा. २००६ पासून प्रकल्प थांबत-अडखळत चालू झाला. मधे गॅस मिळेना म्हणून २०१३ मध्ये बंद पडला, २०१५ अखेर रेल्वेला वीज देण्यासाठी परत सुरू झाला. वायू उतरवायचं टर्मिनल २०१३ मध्ये चालू झालं, पण लाटा अडवणारी भिंत अर्धवट असल्याने पावसाळ्यात कित्येक वर्षं तिथे जहाज लागू शकलं नाही. या कराराची छाननी करायला राज्याने नेमलेल्या माधव गोडबोले यांच्या समितीने २००१ मध्येच अहवाल दिला होता आणि दोष कोणा एका पक्षाला न देता एकामागून एक आलेल्या सरकारांच्या, नोकरशाहीच्या कारभाराला दिला होता. पुढे नेमलेला न्यायालयीन चौकशी आयोग रखडला, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फार काळ लोटला म्हणून तो विषय बंद केला. शिक्षा कोणालाच झाली नाही.

चाकणला रोज जाते तो रस्ता तळेगावावरून जातो. तिथल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबलं. ग्रेट वॉल ही चिनी कंपनी तो विकत घेणार होती. राज्य सरकारशी तिचा सुमारे ३,७७० कोटींचा सामंजस्य करार झाला तो १५ जून २०२० ला. त्याच रात्री गलवानमध्ये आपले वीस जवान धारातीर्थी पडले. आठवड्याभरात करार स्थगित झाला, शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला केंद्राची मंजुरी लागेल हा नियम त्याआधी एप्रिलमध्येच आला होता, आणि दोन वर्षांनी तो व्यवहार बारगळला. केंद्राचा निर्णय मला पटतो. जवान गेले त्या आठवड्यात दुसरं काय करणार होतं कोणी? पण गेटबाहेर बसलेल्या कामगारांचं काय, याचा कागद कुठेच तयार नव्हता. लडाखच्या थंडीत घडलेल्या गोष्टीचा हिशेब तळेगावच्या माणसाने चुकवला. पुढे ह्युंदाईने कारखाना घेतला, तो २०२४ मध्ये.

आणि याच पुण्यात कमिन्स आहे. १९६२ पासून, किर्लोस्करांबरोबर आलेली. १९९१ मध्ये तिच्या नावाने कर्वेनगरला मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं, महर्षी कर्वे संस्थेत. माझी मावसबहीण तिथे शिकली आणि आज ती इंजिनं डिझाइन करते. तेव्हा परदेशी कंपन्या सगळ्या सारख्या नसतात. साठ वर्षं राहायला आलेली कंपनी आणि हमी घेऊन आलेली कंपनी, दोघींची चाल वेगळी असते. जिला इथेच माल विकायचा आहे, इथल्याच माणसांना शिकवायचं आहे, ती आपल्या नुकसानीबरोबर बुडते. जिचा नफा आधीच लिहून दिलेला आहे, तिला आपलं नुकसान पोचतच नाही. मी चाकणला ज्या करारावर सही घ्यायला नेते, त्यात हे आता पहिल्यांदा बघते.

या वेळी गेले तेव्हा गोडबोले समितीच्या अहवालाची छापील पानं घेऊन गेले होते. इंग्रजीतली. ओटीवर सतरंजी टाकून बसलो. मामाने चष्मा लावला, पण वाचणारी मीच. एकेक परिच्छेद वाचायचा आणि मराठीत सांगायचा. तो मधेच थांबवायचा. "हा परतावा म्हणजे व्याज का?" "नफा रे मामा." "ठरलेला?" "ठरलेला." पाचव्या की सहाव्या पानाला वाडीतले आणखी दोघे येऊन बसले. त्यातल्या एकाचा भाऊ १९९७ मध्ये तुरुंगात गेलेला, दुसऱ्याने प्रकल्पावर वॉचमन म्हणून नोकरी केलेली. हे दोघे शेजारी असून कित्येक वर्षं एकमेकांकडे जात नसत. स्थिर आकाराचं उदाहरण मी पुन्हा खानावळीचं दिलं, तेव्हा दोघंही एकाच वेळी "अरे देवा" म्हणाले.

मला सारखं वाटत होतं, की हे यांना कळतंय. डॉलरचा दर, हमी, लवाद, सगळं. यात न कळण्यासारखं काहीही नव्हतं. १९९३ मध्ये कोणी याच ओटीवर बसून हे वाचून दाखवलं असतं, तर या माणसांनी हेच प्रश्न विचारले असते आणि त्यातले अर्धे प्रश्न मंत्रालयातल्या फायलीत सापडत नाहीत.

चार वाजले. फेरीबोटीचा धक्का गाठायचा होता. मामा मला सोडायला धोपाव्यापर्यंत आला. वाटेत कुंपणापलीकडे नळ्यांची रांग दिसते, गंजाने तांबूस झालेली. त्याने गाडी थांबवायला सांगितली. "तो वाकडा पाइप दिसतोय? त्याच्या खालचा सांधा माझा. एकशे सतरा नंबर असेल बघ." इतक्या लांबून नंबर दिसणं शक्यच नव्हतं. तरी आम्ही दोघं खिडकीतून बघत राहिलो.

पानं मी त्याच्याकडेच ठेवली. फेरीबोटीची फळी खाली आली, गाड्या चढल्या. रात्री ताम्हिणी घाट चढून मुळशीच्या आसपास जेवायला थांबले होते, तेव्हा त्याचा फोन आला. मागे आणखी आवाज येत होते, ओटीवर माणसं बसली असावीत.

"पोचलीस काय? बरं. ते सोळाव्या पानावर काय लिहिलंय ते सांग. आम्ही इकडे उघडून बसलोय."